बेटावर उतरलेलं विमान

"चहात गुंगीचं औषध घातलं ते हवाईसुंदरीने," सलूनवाला म्हणाला आणि वस्तरा हवेतच धरून त्याने बाकावरच्या मंडळींकडे पाहिलं. "टीव्हीवर फोटो दाखवतात ना तिचा? हसते कशी बघा. असं हसणारी बाई साधी नसते."

बाकावरच्या विमा एजंटाने मान डोलावली. औषध दुकानदाराने औषधाचं नाव विचारलं. नाव सलूनवाल्याला ठाऊक नव्हतं, पण औषध परदेशी होतं, एवढं पक्कं माहीत होतं.

तीनशे माणसांचं विमान समुद्रावरून उडता उडता नाहीसं झालं, त्याला महिना होत आला होता. देशोदेशीची जहाजं पाणी ढवळून हात हलवत परतली. सलूनवाल्याने मात्र ते खुर्चीमागे उभ्या उभ्या शोधून काढलं होतं. स्वतःची कात्री त्याला रोज सापडत नसे, ती गोष्ट वेगळी. त्याच्या मते विमान बुडालंच नव्हतं. ते पळवून, नकाशात नसलेल्या एका बेटावर अलगद उतरवलं होतं. सुरुवातीला गुन्हेगार पायलट होता. गिऱ्हाइकांना त्याचा कंटाळा आला, तेव्हा हवाईसुंदरी आली. मग दुकान असं भरू लागलं, की टक्कलवालेही येऊन बसायला लागले.

खुर्चीतला म्हातारा हल्लीच यायला लागला होता. रोज सकाळी यायचा. दाढी फारशी वाढलेली नसायची. साबण लावून घ्यायचा, डोळे मिटायचा आणि ऐकायचा. मध्येच हळूच विचारायचा, "मग? उतरल्यावर काय झालं?"

असा श्रोता सलूनवाल्याला जन्मात मिळाला नव्हता. घरी तो तोंड उघडायचा अवकाश, बायको मिक्सर सुरू करायची. म्हाताऱ्याखातर तो गोष्ट रोज पुढे नेऊ लागला. हवाईसुंदरीला बेटावर बंगला मिळाला. टोळीच्या म्होरक्याशी तिचं जुळलं.

"म्हणजे बाई तसलीच," विमा एजंट खूश होऊन म्हणाला.

म्हातारा हलला नाही. गळ्यावर वस्तरा असताना कोण हलेल?

त्या दुपारी टीव्हीवर विमान कंपनीचा साहेब आला. शोध थांबवत आहोत, विमान समुद्रात बुडालं आणि कोणीही वाचलं नाही असं मानण्यात येत आहे, हे त्याने कागदात बघून वाचलं आणि घोटभर पाणी प्यायला. कॅमेरा रडणाऱ्या नातेवाइकांवरून फिरत एका माणसावर येऊन थांबला. तो रडत नव्हता. त्याने छातीशी एक फोटो धरला होता. हवाईसुंदरीचा. खाली अक्षरं आली: 'वडील'.

"अरे, हे तर आपले..." औषध दुकानदार म्हणाला. विमा एजंटाला अचानक काम आठवलं. बाक बघता बघता रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला आला, तेव्हा म्हातारा बंद शटरसमोर उभा होता. आत येऊन तो नेहमीसारखा खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले. सलूनवाल्याने टीव्ही लावला नाही. साबणाचा फेस तो नको तितका वेळ घोटत राहिला.

"काका," तो शेवटी म्हणाला, "झडो माझी जीभ. ते सगळं मी मनचं बोलत होतो. कसलं बेट आणि कसला बंगला! तुमच्या मुलीने काही म्हणजे काही केलेलं नाही."

म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि त्याचं मनगट घट्ट धरलं.

"केलंय. तिनेच केलंय," तो म्हणाला. "बाकी सगळे तिला बुडवून मोकळे झाले हो. तुमच्याकडे निदान जिवंत तरी आहे ती. बोला... बंगल्यात राहायला गेली, मग पुढे?"