एका टकरीच्या रेघा

गंधकाचं अणुकेंद्रक चांदीच्या अणुकेंद्रकावर वेगाने आदळलं की कण चौफेर उधळतात. काचेवरच्या फोटोच्या लेपात उमटलेल्या त्यांच्या रेघा मी सूक्ष्मदर्शकातून मोजत होते. शंभराच्या पुढे गेले आणि शिपाई म्हणाला, "मॅडम, मुलुंडहून फोन." फोनवर शेजारच्या कमलताई म्हणाल्या, "बाळाला ताप चढलाय गं, लवकर ये!" परतले तर आकडा डोक्यातून गेलेला. सकाळपासून तिसऱ्यांदा! मोजणीची नोंद वहीत केल्याशिवाय प्रयोगशाळेचे सर सोडत नाहीत. नियम असा की प्रत्येक टकरीच्या रेघा दोघींनी वेगवेगळ्या मोजायच्या, एकमेकींना सांगायचं नाही. ही टक्कर माझ्यासोबत काम करणाऱ्या सुलक्षणाने काल मोजली होती. ती कानाशी पुटपुटली, "एकशे अडतीस. लिही आणि पळ." "कशाला सांगितलंस गं? आता मी कितीदा मोजलं तरी अडतीसलाच थांबणार!" "यार, मदत केली ना!" मी वहीत लिहिलं, 'आकडा आधीच कळला, मोजणी बाद.' सकाळभराची मेहनत स्वतःच खोडून बाळाकडे निघाले.