आईच्या वाटणीचा शब्द

"अवघड इंग्रजी शब्द पाठ होत नसतील तर घरातल्या एकेका माणसाला चिकटवा," असं शाहूपुरीतल्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा रविवारी होती, तीही दुसऱ्यांदा. पुस्तकावर डोळे मिटायला लागले तशी स्नेहल उठून स्वयंपाकघरात येऊन बसली. डेअरीला दूध घालून आलेली आई भाकऱ्या थापत होती.

"गॅर्युलस म्हणजे सारखं बडबडणारा. तो आजोबांना दिलाय. इंडोलंट म्हणजे आळशी, तो दादाला."

"त्यो बरोबर बसला," आई म्हणाली. "आन् तुझ्या पप्पास्नी?"

"टॅसिटर्न. घुम्या."

आईला हसू आलं. तव्यावरची भाकरी उलटत तिनं विचारलं, "माझ्या वाटणीला कुठला आलाय?"

"इनडिफॅटिगेबल. सगळ्यात अवघड. आठवडाभर पाठच होत न्हवता. तुला लावला आणि एका दमात बसला बघ डोक्यात."

"म्हंजे काय गं?"

"कधीच न थकणारी."

आईनं पुढचा गोळा घेतला, भाकरी अर्धी थापली आणि तिचे हात परातीतच थांबले.

"पेपर हुईस्तवर असू दे," ती म्हणाली. "झाला की काढून घे तेवढा माझ्यावरनं."