गिधाडांचा नकाशा

सत्त्याण्णव साली बदलापूरचे विष्णुपंत गिधाडांचा नकाशा करत होते. गुराखी, मास्तर, दूधवाले, ज्याला गिधाड दिसेल तो येऊन सांगे आणि पंत त्या जागी लाल ठिपका देत.

एका सकाळी ते एकटेच मोजणीला टेकडीवर गेले, ते दुपार उलटली तरी परतले नाहीत. लेक नीलिमा वाट बघत होती, तोच दूधवाली अंजनी धापा टाकत दारात आली.

"ताई, टेकडीवर धा-बारा गिधाडं भुईला उतरलीत! लांबनंच बघितलं मी."

गिधाडं उतरतात ती मढ्यावरच.  नीलिमा अनवाणीच धावत सुटली.

विष्णुपंत टेकडीवर धडधाकट बसले होते, पण चेहरा पांढराफटक. "बाबा, ही गिधाडं कशावर उतरलीत?" नीलिमाने विचारलं.



"उतरली नाहीत गं," ते पुटपुटले, "मरून पडलीत सगळी."