नऊ झबली

नोटेची घडी घालून केलेल्या सहाव्या झबल्याची कॉलर उलगडताना टोमाच्या हातून नोटेचा कोपरा जरासा फाटला.

"आता चिकटपट्टी लाव, म्हणजे झालं," शेजारचा हिंडेर्क म्हणाला. तो खिडकीशी उभा होता. पडद्याआडून त्याचं सगळं लक्ष समोरच्या इम्केच्या घराकडे होतं.

टेबलावर ओलं फडकं होतं, तापलेली इस्त्री होती. वीस युरोच्या पाच नोटा सपाट झाल्या होत्या. तीन अजून झबली होऊन टेबलावरच पसरलेल्या दोरीला होती, बोटभर चिमट्यांत अडकवलेली.

समुद्राच्या बांधाखाली आमची दहा घरांची गल्ली. नोट तशीच नागडी कुणाच्या हातात ठेवणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात. लग्न असेल तर तिचं हृदय करायचं, घर बांधलं असेल तर छप्पर. पोस्टातली नोकरी संपल्यापासून टोमा हे सगळ्यांना करून द्यायची. तिनं घडी घातलेली नोट खर्चायला जीव होत नाही, अशी लोक तक्रार करायचे आणि पुढच्या समारंभाला पुन्हा तिच्याकडेच यायचे.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर इम्केला दिवस गेले, तेव्हा हिंडेर्कनं घरटी एक नोट गोळा केली. टोमानं नऊ झबली केली. बाळ हाती येण्याआधी काही करून ठेवू नये, हे तिला ठाऊक का नव्हतं? पण संधिवातानं बोटं आखडलेली. एका झबल्याला एक अख्खी संध्याकाळ लागायची. म्हणून तिनं लवकर हात घातला आणि झालेली झबली कपाटात वरच्या खणात दडवून ठेवली.

बाळ मंगळवारी झालं. तीन आठवडे आधी झालं आणि रडलंच नाही.

तेव्हापासून सगळी गल्ली दबक्या पावलांनी चालत होती. इम्केचा नवरा ओन्नो पावाच्या गाडीपाशी भेटला, तर हिंडेर्कची बायको त्याच्याशी पंधरा मिनिटं हवेबद्दल बोलली. हवेवर एवढं बोलणं आमच्याकडे आजवर कधी झालं नव्हतं.

"मी म्हणते, काळ्या काठाच्या कार्डात घालून द्यावेत का हे पैसे?" टोमानं विचारलं. "फुलांसाठी म्हणून?"

"आणि कार्डावर लिहायचं काय? कुणाच्या आठवणी लिहिणार? कुणी पाहिलंय का त्याला?" हिंडेर्कनं पडदा सोडला. "ज्याची त्याची नोट परत करू. विषयच नको. ही दोरी त्या पोरीच्या दृष्टीला पडली ना, तर ती मोडून पडेल."

टोमाला ते पटलं. इम्केला हे दिसू नये, एवढंच तिला हवं होतं. तिनं सातवं झबलं सोडवलं, वर ओलं फडकं घातलं आणि इस्त्री दाबून धरली. फडकं उचललं तर नोटेवर दोन बाह्या जशाच्या तशा उमटलेल्या.

"सरकार बिचारं सपाट नोटा छापतं," हिंडेर्क हळूच म्हणाला. त्याला तिला हसवायचं होतं.

टोमा हसली नाही. आपण घाई केली, आपल्याच घाईनं हे झालं, हे चार दिवस तिच्या मनातून जात नव्हतं. तिनं पुन्हा इस्त्री दाबली.

"आली," हिंडेर्क एकदम म्हणाला. "अगं, इकडेच येतेय!"

टोमानं घाईघाईनं फडकं सगळ्यावर ओढलं. आमच्याकडे मागच्या दारावर कुणी टकटक करत नाही. इम्के सरळ आत आली. अंगात ओन्नोचा कोट, पायात घरातल्या सपाता. दोन्ही हातांनी तिनं एक बरणी पोटाशी धरली होती. ब्रँडीत भिजलेल्या मनुकांची बरणी. बाळ होणार असलं की प्रत्येक घरात ती तीन महिने आधी भरून ठेवतात. बाळ बघायला जो येईल, त्याला त्यातलं कपभर द्यायचं असतं.

"वारा सुटलाय आज," हिंडेर्क म्हणाला.

इम्के टेबलाकडे बघत होती. फडक्याखालून एक निळी बाही बाहेर आली होती. तिनं ती धरून ओढली. झबलं तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं त्याची कॉलर सारखी केली.

"चुकलं माझं," टोमाला रडू फुटलं. "आधी करायलाच नको होती मी. आम्ही मोडतोच आहोत गं ती. तुला दिसू नयेत म्हणून…"

"का मोडताय?"

 इम्केनं बरणी टेबलावर ठेवली आणि झाकणावरचं कापड सोडलं. मग स्वतःच फळीवरचे तीन कप काढले आणि मनुका तळाशी जाईपर्यंत एकेक भरला. पहिला तिनं हिंडेर्कच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

"पावणेतीन किलोचा होता," ती म्हणाली. "डोकंभर काळं जावळ. नाक अगदी ओन्नोचं."

तिनं दुसरा कप टोमापुढे सरकवला.

"मला मुलगा झाला, टोमामावशी. चार दिवस झाले, अभिनंदन करायला कुणी आलंच नाही."