युगुमोचे कान

ताट लाकडी फरशीवर आदळलं आणि इशू वळली.

"बघ!" यतीन म्हणाला. "तिसऱ्यांदा वळली. आता तरी सोमवारची कानांची टेस्ट कॅन्सल करू? मी स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. विचार आईला."

शुभानं ताट उचलून त्याच्या हाती दिलं. सोळा महिन्यांच्या पोरीनं अजून एकदाही 'आई' म्हटलं नव्हतं. पण ताट पडलं की ती वळते, हेही खरंच. आणि बाबाची तर केवढी लाडकी! तो उचलून घेऊन बोलायला लागला की त्याच्या गळ्यावर तळहात ठेवून मन लावून बसायची. ऐकू न येणारं पोर असं करेल?

यतीननं फोन हातात घेतला, तेवढ्यात दार वाजलं.

शेजारचे म्हातारे मुराता होते. घरात त्यांना सगळे मुराताकाका म्हणत. एका हातात शुभाचा डबा, दुसऱ्या हातात हातभर लांब लाकडी जहाज. दोन महिने ते गॅरेजमध्ये बसून हेच कोरत होते.

"युगुमो," इंग्रजी ते मोजूनमापून बोलत. "म्हणजे संध्याकाळचा ढग. आमच्या जपानी नौदलाची पाणबुड्या शोधणारी सहा जहाजं होती. सगळ्यांना ढगांची नावं. हे शेवटचं. या महिन्यात तेही रिटायर झालं. मी यात हेडफोन लावून पाणी ऐकायचो."

"मग तुम्हीच सांगा आता शुभाला, इशूला ऐकू येतं की नाही ते," यतीन हसत म्हणाला आणि त्यानं ताट सोडलं. इशू वळली.

मुराताकाका हसले नाहीत. बूट त्यांनी दाराशीच काढले होते. मोज्यातल्या आपल्या पायांकडे ते बघत राहिले. मग वाकून त्यांनी फरशीवर हात टेकला.

"पुन्हा टाका."

इशू पुन्हा वळली.

"माझ्या पायांनाही कळलं," ते म्हणाले. "जहाजात पहिल्यांदा आपल्याच इंजिनाची थरथर ओळखायला शिकवायचे. ती समुद्राची समजलात, तर संपलं." ते थांबले. "बाहेर जाऊ या? गवतावर?"

"कशाला उगाच, यार..." यतीन मराठीत पुटपुटला. पण शुभानं पोरीला उचललंही होतं.

गवतावर बसवून मुराताकाकांनी इशूच्या हाती जहाज दिलं. यतीनला ताट आणि पळी घेऊन तिच्या मागे उभं केलं. "सावली तिच्या पुढे पडू देऊ नका." मग समोर बसलेल्या शुभाला म्हणाले, "आणि तुम्ही, चेहरा हलवू नका."

तेच अवघड होतं.

ठण्ण!

मेपलच्या झाडातून चिमण्या भुर्रकन उडाल्या. पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. इशू जहाजाची डोलकाठी बोटानं वाकवून बघत होती.

ठण्ण! आणखी जोरात. समोरचा माणूस गाडी धुता धुता वळून बघायला लागला. शुभानं गवत मुठीत धरलं. वळ गं. एकदा वळ.

काडकन डोलकाठी मोडली. इशू खुदकन हसली.

तिसऱ्यांदा उचललेली पळी वरच राहिली.

"सॉरी," यतीन कसाबसा म्हणाला. "तुमचं जहाज..."

"असू दे," मुराताकाका म्हणाले. "खेळू दे तिला."

यतीननं ताट गवतावर ठेवलं, अगदी हळू, आवाज होऊ नये अशा बेतानं. मग इशूला उचलून छातीशी धरलं.

"सोमवारी किती वाजता जायचंय गं?"

इशूनं नेहमीसारखा त्याच्या गळ्यावर तळहात ठेवला, आवाजाची थरथर जाणवते तिथेच.

"नऊ," शुभा म्हणाली.

"नऊला ना? म्हणजे आठला निघू. साडेसातलाच निघू. ट्रॅफिक असतं..." तो बोलतच राहिला. थांबायला तयारच होईना.