रुपयाएवढं कुंकू

दीड महिन्याचं लेकरू आईला सोडून आजीकडंच टकामका बघायचं आणि हर्षालीचा जळफळाट व्हायचा. “नातवानं मला बराबर वळखलंय,” असं सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या होत्या. आज बाळाला तपासायला आलेल्या आशाताई म्हणाल्या, “एवढ्या लहान बाळाला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं. त्यातही जे ठळक, भडक, तिकडंच नजर जाते.” हर्षालीनं सासूबाईंच्या कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू पाहिलं. तिचं स्वतःचं कपाळ मोकळंच होतं. चाकणच्या कंपनीत, गाड्या रंगवायच्या पेंट शॉपमध्ये, ओल्या रंगावर कण पडू नये म्हणून टिकलीसुद्धा चालत नसे, ती सवय बाळंतपणाच्या रजेतही मोडली नव्हती. आशाताईंची पाठ वळताच तिनं सासूबाईंचाच करंडा उघडला, त्यांच्याहून मोठं कुंकू लावलं आणि बाळावर वाकली. बाळाची नजर तिच्या कपाळावर खिळली. “बघा आत्याबाई,” ती सासूबाईंना म्हणाली, “तो कुंकवाकडंच बघत होता!” सासूबाई कसनुसं हसल्या. “मग आता तुज्याकडं तरी कुठं बघतोय?”