सहा नंबरचा भोंगा

भोंगा वाजला आणि सिस्टरचा चहा टेबलावर सांडला. ती तशीच धावली.

वॉर्डाचा नियमच तसा होता. घंटी वाजली तर पाणी हवं असेल, चादर हवी असेल. हातातलं काम उरकून गेलं तरी चालायचं. भोंगा वाजला की मात्र पळायचं. तो गादीवरच्या चटईला जोडलेला असायचा. चटईवरचं वजन उठलं की तो बोंब मारायचा, आणि पेशंट जमिनीवर पडायच्या आत पोचायला दहाएक सेकंद मिळायचे.

सहा नंबरचा पेशंट कॉटचा कठडा धरून उभा होता. सिस्टर दिसताच आपणहून खाली बसला. नेहमी असंच करायचा. उठायचा, पण पाऊल टाकायचा नाही.

"आजोबा, खुब्याचं हाड मोडलं तर जन्मभर झोपून राहाल," सिस्टर म्हणाली. चार दिवसांत हे ती नवव्यांदा सांगत होती.

सहा नंबरला उत्तर देता येत नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यात उजवं अंग गेलं होतं, त्याबरोबर वाचाही. त्याने डावा हात उचलून खिडकीकडे केला. तेही नेहमीचंच. खिडकीबाहेर उभ्या गाड्यांखेरीज काही नव्हतं. तिकडे काय सोनं वाटताहेत का, असं सिस्टरने त्याला एकदा विचारलंही होतं.

खिडकीकडच्या सात नंबर कॉटवर निवृत्त हेडमास्तर होते. ब्लडप्रेशरच्या नव्या गोळ्यांसाठी त्यांना ठेवून घेतलं होतं. ते कॉटच्या काठावर, एक पाय चपलेत घालून बसले होते.

"मी त्यांना धरायला उठतच होतो," मास्तर म्हणाले.

तुम्ही उठू नका, गोळ्यांनी चक्कर येते, असं म्हणत सिस्टरने त्यांचे पाय उचलून वर ठेवले. मला काय धाड भरलीये, असं मास्तरांचं म्हणणं. त्यांच्या पायथ्याशी पाच जाडजूड पुस्तकांची चळत होती. खाली ठेवू का म्हटलं की ते ओशाळून राहू द्या म्हणायचे. चटई त्यांनाही होती, पण त्यांचा भोंगा आजवर एकदाही वाजला नव्हता. सिस्टर सहा नंबरला त्यांचंच उदाहरण द्यायची.

सहा नंबरची लेक बापाला घरी न्यायला निघाली होती. एकटी कमावणारी, पण जिद्दीची. तिने न्हाणीघरात कठडे बसवले, उंबरठे तासून घेतले, सुताराकडून पलंगाचे पाय चार बोटं कापून घेतले. डॉक्टरांची अट एकच होती. दुपारचे दोन तास हा माणूस घरात एकटा असणार. तेव्हा तीन दिवस भोंगा न वाजता गेले तर घरी, नाहीतर मागच्या इमारतीत. तिथे पेशंटला खुर्चीत पट्टा बांधून बसवत आणि तिथून सहसा कुणी घरी जात नसे. लेकीने हे बापाला समोर बसून सांगितलं. त्याने तिचा हात दाबला. समजलं होतं त्याला.

दोन दिवस तो शहाण्यासारखा पडून राहिला. मास्तरांना सलाइन लागलं होतं, तेही पडूनच होते. वॉर्डात इतकी शांतता की सिस्टरला चहा गरम प्यायला मिळाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची सुई निघाली. चार वाजता लेक बापाचे घरचे कपडे घेऊन आली. सिस्टरने स्वतः त्याला निळा सदरा चढवला, केस विंचरले. डॉक्टर पाच वाजता येऊन सही करणार होते. लेक खाली औषधं आणायला गेली. सहा नंबर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. सिस्टरही टेबलापाशी बसून त्याच घड्याळाकडे बघत होती. आता एवढा काटा सरकू दे, असं ती मनातल्या मनात म्हणत होती, कारण हा हट्टी म्हातारा तिला आवडायला लागला होता.

पावणेपाचला भोंगा वाजला.

तो निळ्या सदऱ्यात कठडा धरून उभा होता. मास्तर काठावर बसले होते. सिस्टरला रडू आलं आणि रागही. दारात लेक औषधांची पिशवी घेऊन उभी होती.

"बाबा, पंधरा मिनिटं राहिली होती हो."

बापाने डावा हात खिडकीकडे केला. लेक गेली आणि तिने खिडकी उघडली. तो नाही नाही अशी मान हलवत राहिला. डोळ्यांतलं पाणी सदऱ्यावर पडत होतं. लेकीने ते पुसलं.

डॉक्टरांनी कागदावर आडवी रेघ मारली. नियम तो नियम. संध्याकाळी चाकाच्या खुर्चीवरून सहा नंबर मागच्या इमारतीत गेला. दाराबाहेर जाईपर्यंत तो मान वळवून मास्तरांकडे बघत होता. मास्तरांनी नुसता हात हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. भोंगा नाही, घंटी नाही. सिस्टरने चहा ओतला आणि त्याच वेळी धप्प आवाज झाला.

ती पोचली तेव्हा मास्तर रिकाम्या सहा नंबर कॉटपाशी जमिनीवर पडले होते. एक चप्पल पायात, दुसरी कॉटखाली. पाय विचित्र वळला होता. त्यांना उचलून ठेवायला जागा हवी म्हणून सिस्टरने पायथ्याची पुस्तकं उचलली, आणि भोंगा बोंबलायला लागला. पुस्तकांखाली मास्तरांची चटई होती.

तिने बटण दाबून तो बंद केला.

"संडासला कुणी धरून नेलेलं बरं वाटत नाही हो," मास्तर जमिनीवरून पुटपुटले. मग चक्करेच्या भरात रिकाम्या कॉटकडे बघत त्यांनी विचारलं, "पण सिस्टर, मी चपलेत पाय घातला की रोज तो भोंगा वाजवायचा आणि तुम्ही यायचात. आज त्याने का नाही वाजवला?"